पुसायला चालला तो हात

“तू बाजूला हो. हिचा हात नको गं बायांनो, वरीसभर मशीन धड चाललं पायजे.”

असं आमची सुपरवायझर वैनी बोलली. तिच्या हातात पूजेचं ताट, अंगावर भारी साडी. समोर मी, निळ्या युनिफॉर्मात. मधी माझं मशीन. गाडीत ज्या वायरी असत्यात, त्यांच्या टोकाला पितळंची टोपी दाबून बसवायचं. सकाळपासनं सांजपातुर मी त्याच्यावरच बसायची.

आन् त्याच सकाळी, आल्याआल्या, हीच वैनी मला म्हणली व्हती, “खंडेनवमी हाय. मशीन लखलखीत पूस.” मी पुसलं. रॉकेलचं फडकं घिऊन, खाली वाकून, खाचंतला मळ कोरून काढला. पुसायला माझा हात चालला. कुंकू लावायला चालंना.

“सुरेखा, ये तू. हिच्या मशीनची पूजा तू कर.”

सुरेखा माझ्या शेजारच्या टेबलावरची. दौंडकडनं लगीन होऊन आलेली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. वैनीची पाठ फिरली की माझ्या डब्यातली चटणी खायाची. ती आली. माझ्याकडं बघितलं न्हाई. कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याचे साहेब. त्या दिवसापुरता रेशमी कुर्ता, कपाळाला टिळा.

आता नीट ऐका. मला नारळ फोडायची काडीची हौस न्हवती. आम्ही बुद्धाची माणसं. मशीन कुंकवावर चालत न्हाई, लाईट आल्यावर चालतं, एवढं मला कळतं. “तुमच्यात करत न्हाईत ना?” असं तिनं इचारलं असतं तर मी हसून बाजूला झाले असते. पर तिनं इचारलं न्हाई. साऱ्या लायनीसमोर माझा हात अपशकुनी केला.

वैनी आमच्याच गावची. तिच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणतात. रांजणगावला एमआयडीसी आली, त्यात त्यांचं रान गेलं आन् पैसा आला. दादा गुंठामंत्री झाला. गळ्यात म्हशीच्या साखळीएवढी चेन, बुडाखाली सुमो. मग कंपनीला बायका पुरवायचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं. बायकोला केली सुपरवायझर. रान गेलं, औत गेलं, बैल गेले, तोरा तेवढा जाईना. सुंभ जळालं तरी पीळ जात न्हाई म्हणतात, ते काय खोटं न्हाई.

त्याच रानात खुरपून माझ्या आयची हयात गेली. तहान लागली की वैनीची सासू वरनं पाणी वतायची, आय खाली ओंजळ धरायची. मी बारकी व्हते, बांधावर बसून बघायची. रानाचे पैसे आले तवा “तुझं कसं गं?” म्हणून आयला कुणी इचारलं न्हाई. कशाला इचारतील? घाम काय सातबाऱ्यावर चढतो?

आन् मी येडी. मला वाटायचं, कंपनीच्या गेटातनं गाव आत शिरत न्हाई. आत सगळ्यांना एकच युनिफॉर्म, एकच भोंगा. थू! गाव माझ्या आधीच आत जाऊन पंख्याखाली खुर्ची टाकून बसलं व्हतं.

पूजा झाली, पेढे वाटले. वैनीनं माझ्या हातावर पेढा वरनं टाकला. तिच्या सासूचीच सून ती. मी पेढा टेबलावर ठिवला आन् भिंतीला टेकून उभी ऱ्हायले.

रीत अशी, की पूजा झाली की त्या दिवशी हत्यार चालवायचं न्हाई. त्याला इसावा द्यायचा. पर घटकाभरात साहेबांचा फोन वाजला. गाड्या बनवणाऱ्या पुढल्या कंपनीला माल कमी पडला, आत्ताच्या आत्ता पायजे. झालं! रीत गेली चुलीत. कुंकू वाळलं न्हाई तवर साहेबांनी सवता हार काढून बाजूला ठिवला.

“चल गं, बस मशीनवर,” वैनी म्हणली.

मी हालले न्हाई. दिवाळीला मला पर्मनंट करायचं चाललं व्हतं. घरात कमावणारी मी एकटी, आयचा दमा, शिरूरच्या डॉक्टरची औषधं. सगळं डोळ्यापुढनं गेलं. तरी त्वांडातनं निघालंच.

“ज्या हातानं पूजा झाली, त्याच हातानं चालवा.”

वैनीचं त्वांड लालबुंद.

“लई शाणी झालीस व्हय गं? सुरेखा, तू बस!”

“मला न्हाई येत वैनी, बोट जाईल,” सुरेखा म्हणली आन् मागं सरली.

साहेब पुढं आले. “अहो, काय चाललंय? इथे जातबीत काही नसतं हं. इथे फक्त प्रॉडक्शन.”

“मग मगाशी टाळ्या कशाला वाजवल्या, साहेब?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “तुम्ही आपसात मिटवा,” म्हणले आन् केबिनमधी जाऊन दार लावून घेतलं. एवढं शिकलेला माणूस, आन् शेवटी दार लावता येतंय तेवढंच. वैनीनं मला गेटाभाईर काढली.

सांजच्याला दादाची सुमो आमच्या वस्तीवर आली. खाली न उतरताच बोलला. “वैनीच्या पाया पड, इषय संपला. दिवाळीला पर्मनंट करतो. न्हाईतर तुमच्या वस्तीवरल्या एकाबी बाईला कंपनीची बस थांबायची न्हाई.”

आय म्हणली, “पड की पाया. त्याला काय पैसं पडतात?”

माझं टाळकंच फिरलं. “तू जलमभर पडलीस. काय मिळालं गं तुला?”

ती भिताडाकडं त्वांड करून पडली. मला लई वाईट वाटलं, पर बोललेलं मागं घेतलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमचा धम्मचक्राचा दिस. पांढरी लुगडी नेसून सगळ्या विहारात जमल्या. शेजारची काकू वंदना झाल्याबरुबर माझ्यावर आली. “तुझ्या मानापायी आमच्या चुली इझवतीस का गं?” तिचं चुकलं असं मला आजबी म्हणवत न्हाई.

सुट्टी सरली. मी युनिफॉर्म घालून फाट्यावर गेले. बस आली, थांबली. काकूला घेतलं, बाकीच्या बायकांना घेतलं. मला दारातच क्लीनरचा आडवा हात. वस्तीला बस थांबवायची न्हवती ना? मग थांबली कशी? बायका न्हेल्या न्हाईत तर दादा कमिशन कुणाचं खाणार? माणूस बाहेरनं कसा दांडगा दिसतो, आन् आतनं आमच्या हातांवर जगतो.

मी जीप धरून गेट गाठलं. वॉचमन म्हणला, “दीदी, आपको अंदर लेने का ऑर्डर नहीं है.” बिचारा बिहारकडचा, पोटासाठी आलेला, त्याचा काय दोष? मी गेटासमोर उभी ऱ्हायले. आत जाणाऱ्या सगळ्या मला बघत व्हत्या. सुरेखानं मान खाली घातली.

दादाची सुमो आली. काच खाली झाली.

“काय, आली का अक्कल?”

“आली,” मी म्हणले. “आमच्या हाताबिगर तुमचं चालत न्हाई, ही अक्कल आली. पाया पडणार न्हाई. कामबी सोडणार न्हाई. उद्या परत हितंच येणार.”

“बस बोंबलत,” म्हणला आन् काच वर केली.

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. संगती कुणी आलं न्हाई. न येऊ दे. मला आत घ्यायचं तर चोरून, मागच्या दारानं, पाया पाडून घेता यायचं न्हाई. हाताला नको म्हणलं ते साऱ्या लायनीसमोर. व्हय म्हणायचं तेबी साऱ्या लायनीसमोरच म्हणावं लागंल. तवर ह्या हाताचं काम दादा-वैनीला मिळायचं न्हाई.