पबच्या मागच्या दाराचं कुलूप

दारूशी आमच्या घराचा संबंध एवढाच, की माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. आमचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेलं, मुसलमान, नोकरदार. घरात बाटली कधी आली नाही, आणि तिच्याविषयी बोलायची वेळही आली नाही. तरी एका पबच्या परवान्याची सुनावणी लागली तेव्हा साक्षीला माझंच नाव पुढे आलं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "तुमच्यात दारू निषिद्धच. म्हणजे तुम्ही अगदी निःपक्षपाती!"

या तर्कात काहीतरी गडबड आहे हे मला कळत होतं. पण अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एकदा सोडलेलं पाणी ते मागे घेत नाहीत.

आमची सोसायटी विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आत. पुढच्या बाजूला एक दुमजली व्यापारी इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर पूर्वी फर्निचरचं दुकान होतं. ते उठलं आणि पब आला. पबच्या स्वयंपाकघराची मागची गॅलरी थेट आमच्या पार्किंगवर येते. त्या गॅलरीतून खाली एक लोखंडी जिना उतरतो आणि जिन्याच्या वरच्या तोंडाशी जाळीचं दार आहे. हे दार तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोळ्यांत भरलं नव्हतं. डोळ्यांत भरायला दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या.

पहिली तक्रार आवाजाची. शनिवारी आमच्या कपाटातल्या काचेच्या बश्या नाचायच्या. सोसायटीची सभा भरली आणि पुण्यातल्या कुठल्याही सभेत होतं तेच झालं: विषय एक, तक्रारी माणशी दोन. एका काकांचं म्हणणं, आवाज एक वेळ सोसू, पण गाणी सगळी पंजाबी का? दुसऱ्यांना पाटीवरचं मराठी नाव बारीक अक्षरात आहे आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय याचं दुःख. एका बाईंना मुलींच्या कपड्यांबद्दल बोलायचं होतं. त्यासाठी त्या रोज बाल्कनीत उभ्या राहून अभ्यास करत होत्या.

शेवटी तक्रारीचा अर्ज लिहिला गेला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आला. मी दुरुस्त्या करून परत दिला तेव्हा त्याच बाई म्हणाल्या, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!"

"मी आयुष्यभर शाळेत मराठीच शिकवलं," मी म्हटलं.

"हो का? तरीच!"

अर्जाला उत्तर आलं, की प्रत्यक्ष तपासणीत कोणताही आवाज आढळून आला नाही. तपासणी सकाळी झाली होती. सकाळी पब बंद असतो. आम्ही पुन्हा अर्ज केला, पुन्हा तपासणी झाली, पुन्हा सकाळीच.

खरी गंमत पबच्या मॅनेजरची होती. अंगाला घट्ट बसलेला काळा शर्ट, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की हवेशी, हे कळायचं नाही. मी एकदा आवाजाबद्दल सांगायला गेले तर म्हणाला, "आंटी, साउंड तो इनसाइड आहे. आउटसाइडला जे येतं ते फक्त बेस आहे." जणू बेस ही आमचीच मालमत्ता.

त्याच्या माणसांनी गिऱ्हाइकांच्या गाड्या आमच्या फाटकाशी लावायला सुरुवात केली. एका संध्याकाळी अध्यक्ष भाजी घेऊन घरी येत होते. फाटकापाशी पबच्या एका धिप्पाड रखवालदाराने त्यांना अडवलं आणि विचारलं, "सर, गेस्ट लिस्टमध्ये नाव आहे?" हातात मेथीची जुडी असलेल्या माणसाला हा प्रश्न! अध्यक्षांनी मॅनेजरला बोलावून जाब विचारला. मॅनेजर म्हणाला, "चिल, अंकल." अध्यक्षांना आयुष्यात बऱ्याच जणांनी बरंच काही म्हटलं असेल, पण 'चिल' कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून हा लढा संस्कृतीचा झाला.

अशा स्थितीत आमचे सगळे अर्ज सरकारदरबारी आरामात पडून होते. आणि एक दिवस पबला आग लागली.

दुपार कलली होती. माझा नवरा अस्रची नमाज पढून मशिदीतून परतत होता आणि मी पार्किंगमध्ये त्याची वाट बघत उभी होते. आम्हाला बाजारात जायचं होतं. वरून एकदम कुणीतरी किंचाळलं. पाहिलं तर पबच्या मागच्या गॅलरीत तीन बायका आणि एक आचारी, आणि त्यांच्या मागून स्वयंपाकघराच्या दारातून काळा धूर. तळणीच्या तेलाने पेट घेतला होता. पुढे हॉलकडे जायची वाट धुराने बंद. त्यांच्यापुढे जिना होता, पण जिन्याच्या तोंडावरचं जाळीचं दार बंद होतं.

"दार उघडा ना!" मी खालून ओरडले.

निळ्या साडीतली एक बाई जाळी दोन्ही हातांनी हलवत होती. ती तिथे भांडी घासायची. येता-जाता मी तिला पाहिलेलं होतं. ती ओरडली, "कुलूप हाय वो मॅडम! किल्ली सायबाकडं हाय!"

"साहेब कुठंय?"

"खाली गेला!"

तेवढ्यात माझा नवरा आला. हा माणूस एरवी इतका शांत, की चहात साखर नसली तरी संपवून मग सांगतो. घरात आम्ही दखनी बोलतो, पण त्याला राग आला की तो मराठीत येतो. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "कुलूप? बाहेर पडायच्या दाराला कुलूप?" आणि वयाला न शोभेल असा पळाला. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारी भिंतीला लांब शिडी टांगलेली असते. ती आम्ही दोघांनी ओढत आणली, कुंपणाच्या भिंतीला लागून उभी केली आणि वरचं टोक गॅलरीच्या कठड्याला टेकवलं. मी खालून धरली, तो अर्ध्यावर चढला.

पहिल्या दोघी पटापट उतरल्या. निळ्या साडीवाली कठड्यावर पाय टाकून बसली आणि तिथेच थिजली. धूर आता तिच्या डोक्यावरून बाहेर येत होता. "मला न्हाई जमायचं," ती म्हणत होती.

माझा नवरा म्हणाला, "ताई, खाली बघू नका. माझ्या टोपीकडे बघा. टोपीकडे बघत या."

ती खरंच त्याच्या टोपीकडे बघत उतरली. शेवटी आचारी उतरला. त्याचा हात पोळला होता. अग्निशमन दलाची गाडी थोड्या वेळाने आली आणि आग विझवायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. ते जाळी तोडत असताना मॅनेजर धावत आला. तो म्हणाला, "की आहे ना माझ्याकडे!" आणि खिशातून किल्ली काढून दाखवली.

आचाऱ्याला मलम-पट्टी झाली, बायकांना मी घरी नेऊन चहा दिला. निळ्या साडीवालीला कप धरता येईना, तेव्हा तो मीच तिच्या तोंडाला लावला. मलाही तो नीट धरता आला नाही. त्यातला बराच चहा तिच्या साडीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची तातडीची सभा. मला वाटलं, आगीबद्दल. पहिला विषय होता: सोसायटीची शिडी समितीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कामासाठी वापरली गेली. एक सभासद म्हणाले, "उद्देश चांगला होता, मान्य. पण पायंडा पडतो." दुसऱ्यांनी विचारलं, वापरानंतर शिडी पुसून ठेवली का? माझा नवरा नम्रपणे म्हणाला, "पुढच्या वेळी आधी अर्ज करीन. आग तोवर थांबली पाहिजे." सभेत कुणी हसलं नाही. पुण्यात विनोद कळला तरी तो दुसऱ्याने केला असेल तर हसत नाहीत.

आगीमुळे मात्र आमच्या अर्जांना पाय फुटले. पबच्या व्यवस्थापनाविषयीच्या तक्रारींवर आणि परवाना ठेवायचा की नाही यावर सुनावणी होईल, असं कळवण्यात आलं. त्या दिवशी तिथे काय घडलं हे जिने खालून पाहिलं ती मी, आणि निःपक्षपातीही मीच. माझा नवरा मात्र नको, असं अध्यक्षांचं मत पडलं. तो फार थोडं बोलतो म्हणून.

सुनावणीच्या खोलीत पंखा आमच्या सभेसारखा होता. आवाज पुष्कळ, वारा नाही. टेबलामागे एक अधिकारीबाई बसल्या होत्या. चेहऱ्यावर, आज जेवायला मिळेल का, असा भाव. एका बाजूला पबचा मालक, त्याचा वकील आणि मॅनेजर. मॅनेजरने आज पांढरा शर्ट घातला होता आणि कान मोकळे होते. दुसऱ्या बाजूला आम्ही.

अध्यक्षांनी सुरुवात पेशव्यांपासून केली. विद्येचं माहेरघर, पेन्शनरांचं शहर, सायकली वगैरे सांगून ते मेथीच्या जुडीपर्यंत आले तेव्हा अधिकारीबाई म्हणाल्या, "आपण मुद्द्यावर या." अध्यक्ष दुखावले. हाच मुद्दा होता, असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

वकील म्हणाले, तरुणांना रोजगार, शहराची प्रगती, आगीची घटना किरकोळ, कुणालाही गंभीर इजा नाही.

मग अधिकारीबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय पाहिलंत?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की निबंधात अलंकार कमी वापरा. मी तसंच सांगितलं. धूर होता. गॅलरीत चार माणसं होती. जिन्याच्या दाराला कुलूप होतं. ती माणसं आमच्या शिडीवरून उतरली.

वकील लगेच म्हणाले, "मॅडम, त्या दाराला सुरक्षेसाठी कुलूप असतं. स्टाफ जिन्यात जाऊन सिगारेट ओढतो."

"भांडी घासणाऱ्या बायका?" मी विचारलं.

अधिकारीबाईंनी हातानेच वकिलांना थांबवलं आणि मॅनेजरकडे पाहिलं. "किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे, मॅडम."

"आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"खाली, मॅडम."

"खाली म्हणजे?"

मॅनेजरने मालकाकडे पाहिलं. मालक छताकडे पाहत होता. "धूर दिसला म्हणून... कार साइडला घेत होतो. नवीन आहे, मॅडम."

मला राग यायला हवा होता. पण तेव्हा मला फक्त त्या बाईचे जाळीला धरलेले हात दिसत होते. अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. जेवणाचा भाव त्यांच्या चेहऱ्यावरून गेला होता. त्या काही बोलणार, एवढ्यात आमचे अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "आणि पाटीवरचं शुद्धलेखन!"

"बसा," अधिकारीबाई म्हणाल्या.

परवाना काही आठवड्यांसाठी निलंबित झाला. अटी घातल्या गेल्या: मागच्या दाराला पब चालू असताना कुलूप नको, आग विझवायची साधनं हवीत, मॅनेजर बदलायचा. आवाजाबद्दल आदेशात एक शब्द नव्हता. पाटीबद्दलही नाही. तरी सोसायटीच्या फलकावर 'आपल्या एकजुटीचा विजय' असं लागलं. मला शाल देण्यात आली. नवऱ्याला काही दिलं नाही. शिडीचं प्रकरण अजून मिटलं नव्हतं.

त्या शालीची घडी मोडायच्या आत निळ्या साडीवाली दारात आली.

"तुम्ही खरं बोललात ते बरं केलंत मॅडम," ती म्हणाली. "पन बंद हाय तवर पगार न्हाई म्हनत्यात."

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "तो आपल्या कक्षेतला विषय नाही." मग आम्ही नवरा-बायको मालकाकडे गेलो. त्याने आम्हाला सरबत दिलं, मॅनेजरला शिव्या दिल्या आणि 'बघतो' म्हणाला. बघतो म्हणणारा माणूस काय करतो हे पुणेकरांना सांगायला नको. शेवटी माझ्या ओळखीच्या एका बाईंची कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ आहे, तिथे मी तिला घेऊन गेले. बाईंनी तिला पोळ्या लाटायला बसवून पाहिलं आणि लगेच ठेवून घेतलं.

यथावकाश पब पुन्हा उघडला. नवी मॅनेजर आहे, नीट बोलते, आम्हाला आंटी म्हणत नाही. तिने सोसायटीला सवलतीच्या दरात स्नेहभोजन देऊ केलं. संस्कृतीचा लढा लढलेले झाडून सगळे गेले. मी लिंबूसोडा घेऊन बसले होते. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन ओरडले, "स्टार्टर छान आहेत हं!" बश्या शनिवारी अजून नाचतात.

निळ्या साडीवालीला पबवाल्यांनी परत बोलावलं होतं. ती गेली नाही. आता तिच्या जावेलाही खानावळीतच काम लागलंय. दोघी संध्याकाळी आमच्या फाटकावरून घरी जातात. माझा नवरा बाहेर खुर्ची टाकून बसलेला असला, की विचारतात, "बाबा, जेवलात का?"

"या वेळेला कोण जेवतं?" असं तो आत येऊन मला विचारतो. त्यांना मात्र रोज सांगतो, "जेवलो, जेवलो."