डबल बेल आणि हिरवी एमजी

आमच्या चांदीप गावात गाडी दिसण्याआधी तिचा आवाज ओळखू येतो. डंपर येतो तो रिकामी भांडी आपटल्यासारखा, दुधाचा टेम्पो खोकत येतो, आणि बस वळणावर आली की दमलेल्या बाईसारखा एक उसासा टाकते. दसऱ्याच्या आठ दिवस आधी जो आवाज आला, तो यातला कुठलाच नव्हता. भजनीबुवा गायला बसण्याआधी घसा साफ करतात, तसा तो आवाज होता. शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं. माणसं बांधावर उभी राहून रस्त्याकडे बघू लागली.

एक हिरवी गाडी आली. वासराएवढी उंच. डोक्यावर छप्पर नाही, बसायला दोनच जागा, आणि पुढे दोन गोल दिवे, नुकतंच झोपेतून उठवल्यासारखे. ती जयवंत भोईरच्या अंगणात येऊन थांबली.

जयवंत ओटीवर चहा पीत बसला होता. बत्तीस वर्षं त्याने एसटी चालवली. मे महिन्यात निवृत्त झाला, तरी पहाटे पाचला उठून, तोंड धुऊन, रिकाम्या अंगणात कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. उंच माणूस, पोट जरा पुढे, मिशी अजून काळी. त्याने एवढी वर्षं बस चालवली, पण स्वतःची सायकलही कधी घेतली नाही.

गाडीतून उतरलेल्या गोऱ्या, घामेजल्या माणसाने विचारलं, "जयवंत भोईर तुम्हीच ना? वसई गाव ते स्टेशन, त्या गाडीवरचे?"

"मीच," जयवंत म्हणाला. "का? बसमदी कायतरी राहिलं काय तुमचं?"

"राहिलं नाही. आणलंय," तो माणूस म्हणाला आणि त्याने गाडीची किल्ली चहाच्या कपाशेजारी ठेवली.

त्याचं नाव फर्डिनंड. पापडीला राहणारा. त्याचे मामा लॉरेन्स जूनमध्ये वारले. बोटीवर इंजिनिअर होते, लग्न केलं नाही, जीव लावला तो या एका इंग्लंडच्या गाडीला. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की, माझी एमजी बसवाल्या भोईरांना द्यावी, रस्त्यात मला वाट देणारा तो एकच माणूस.

"आम्ही तीन भाचे," फर्डिनंड म्हणाला. "तिघांचाही डोळा होता गाडीवर. मामाने आम्हाला एकेक क्रूस ठेवलाय आणि पुष्कळ आशीर्वाद."

जयवंतने किल्ली उचलून उलटसुलट पाहिली. मग त्याला आठवलं.

वसई गावात एका वळणावर रस्ता इतका अरुंद होता की एका बाजूला घराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा. दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की लॉरेन्स टोपी घालून आपली हिरवी गाडी बाहेर काढत. समोरून येणारा प्रत्येक जण हॉर्न मारून त्यांना मागे ढकलायचा. जयवंत मात्र, पंचावन्न बसलेले आणि तीस उभे असताना, बस थांबवायचा आणि भिंत संपेपर्यंत हळूहळू मागे न्यायचा. प्रवासी कुरकुरायचे. लॉरेन्स पुढे जाताना टोपीला दोन बोटं लावायचे. एकोणीस वर्षं हे चाललं. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

"मामा सांगायचे. पण तुम्ही बस मागे का घ्यायचात?" फर्डिनंडने विचारलं.

"लहान गाडीला मागं जा म्हननं म्हंजे बसलेल्या म्हाताऱ्याला ऊठ म्हननं," जयवंत म्हणाला. "बरं दिसत नाय."

फर्डिनंडने कागदपत्रं सगळी नीट करून आणली होती. त्याने चहा घेतला, गाडीच्या बॉनेटवर एकदा हात फिरवला, आणि बस पकडून पापडीला परत गेला.

गावाने गाडीचं स्वागत केलं ते गाव करतं तसंच. शेजारचा जितेश, जो शोरूमच्या गाड्यांची नावं तोंडपाठ म्हणतो, तो गाडीभोवती दोनदा फिरून म्हणाला, "काका, एमजी माहितीये मला. केवढी मोठी असते. ही धुतल्यावर आटली का?"

जयवंतचं तिकडे लक्ष नव्हतं. तो गाडीत शिरण्याच्या खटपटीत होता. आधी पाय, मग गुडघे, मग पोट, असं करत तो आत गेला, जसा घट्ट सदरा माणसाने पायाकडून घालावा. बत्तीस वर्षं त्याने जग वरून पाहिलं होतं. त्याला माणसांची टकलं ओळखू यायची. आता समोर गुडघे दिसू लागले, आणि गावातली कुत्री थेट डोळ्यांत डोळे घालून बघू लागली.

त्याने इंजिन सुरू केलं. भजनीबुवांनी घसा साफ केला. अंगणातली माणसं बाजूला झाली. गाडी जागची हलली नाही.

"काय झालं?" बायको मीरा ओटीवरून म्हणाली.

"कुठं काय? बेल होऊदे."

कंडक्टरने दोन वेळा घंटी वाजवल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कोण बसलं, कोण लटकलं, कोण खालीच राहिलं हे बघणं ड्रायव्हरचं काम नव्हे. ड्रायव्हरने समोर बघावं. हा नियम जयवंतच्या हाडात मुरला होता. क्लचवरचा पाय बेलशिवाय उठेना. शेवटी मीरा देवघरातली पितळेची घंटी घेऊन आली आणि अंगणात उभी राहून दोनदा वाजवली. गाडी शहाण्या बैलासारखी निघाली.

आता मीराबद्दल सांगायला हवं, कारण गाडीची ही गोष्ट खरं तर तिची आहे. लहानखुरी बाई, जीभ विळ्यासारखी, पण उगाच चालवायची नाही. लग्नात हळद लागलेली असताना जयवंतने तिला शब्द दिला होता की, तुला दर भाऊबीजेला माझ्या गाडीतून माहेरी नेईन. तिचं माहेर उसगाव, पारोळच्या पुढे, फार लांब नाही. पण दिवाळीत जादा गाड्या सुटतात, ड्रायव्हरला सुट्टी मिळत नाही. बत्तीस भाऊबीजा मीरा एकटी गेली, दुसऱ्या कोणीतरी चालवलेल्या बसने. ती कधी भांडली नाही. फक्त परत आल्यावर पदर झटकत एवढंच म्हणायची, "ड्रायव्हर चांगला होता." ते जयवंतला भांडणापेक्षा जास्त लागायचं.

म्हणून गाडी आली त्या दिवशी तिने काही न बोलता भिंतीवरच्या कॅलेंडरात भाऊबीजेच्या तारखेभोवती कुंकवाने गोल काढला.

पण भाऊबीज यायला अजून महिना होता, आणि जयवंतला दुसरी एक खोड होती. रस्त्यात कोणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. बसला ते शोभलं. इथे ड्रायव्हर सोडून एकच जागा. मीरा साडी बदलून अंगणात यायची, तोवर त्या जागेवर कोणीतरी बसलेलं असायचं. कधी मांडवीच्या बाजाराला निघालेली भाजीवाली, मांडीवर टोपली. कधी दवाखान्याला निघालेला म्हातारा. एकदा सत्यनारायणाला निघालेले भटजी चार केळीच्या खांबांसकट बसले. छप्पर नव्हतं म्हणून खांब उभेच राहिले, आणि शिरसाडपर्यंत लोकांनी चालत्या केळीच्या बागेला नमस्कार केले. मीरा प्रत्येक वेळी घंटी वाजवायची आणि घरात जाऊन साडी बदलायची. महिनाभर तिने डबल बेल दिली. बसली एकदाही नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तिने करंज्या तळता तळता सांगितलं, "उद्या मी बसनार. वाटेत कोनीबी हात केला, तरी थांबायचं नाय. साक्षात यमराज हात करून उभा राहिला तरी नाय."

"नाय थांबनार. गावदेवीची आन," जयवंत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी धुतली, पुढे झेंडूचा हार घातला, खाकी पँट आणि पांढरा सदरा घातला. मोबाइल घरात फळीवर ठेवला, कारण गाडी चालवताना मोबाइल बाळगायचा नाही हा त्याचा दुसरा नियम. मीरा हिरवी साडी नेसली. करंज्यांची मोठी बॅग मांडीवर घेऊन ती बसली. बसताना तिने डोळे मिटले होते, हे मी स्वतः कुंपणावरून पाहिलं. घंटी वाजली, गाडी निघाली.

गावाच्या वेशीवर गावदेवीचं देऊळ आहे. तिथे थांबल्याशिवाय आमच्याकडे कोणी नव्या वाहनाने परगावी जात नाही. जयवंत थांबला. मीरा उतरली. पण महिनाभरात ती शिकली होती. एसटीत आपण खाली उतरताना जागेवर रुमाल टाकतो, तसं तिने जागेवर बॅग उभी ठेवली, बॅगेवर आपली हिरवी शाल पांघरली, पितळी घंटी शेजारी ठेवली. म्हणजे कोणी बसायला नको. चपला काढून ती पायऱ्या चढली, हात जोडले, आणि प्रवास सुखाचा होऊ दे म्हणून देवळाची घंटा वाजवली.

दोन वेळा.

जयवंतचा पाय क्लचवरून उठला. डोळे समोर. गाडी गेली.

मीरा देवळाच्या दारातून धावत आली, हात वर करून. हात वर केलेल्या माणसासाठी न थांबायचा जयवंतच्या आयुष्यातला तो पहिला दिवस होता.

पुढची वाट फार सुंदर आहे. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, मागे तुंगारेश्वराचा डोंगर, आणि सकाळचं ऊन असं की झेंडूच्या हारातून रस्त्यावर सांडल्यासारखं वाटावं. जयवंतचं मन भरून आलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात हिरवी शाल वाऱ्याने हलत होती. तो बोलू लागला. इंजिनाच्या आवाजावर मात करायला जरा मोठ्यानेच.

"मीरे, बत्तीस वर्षं मी परक्यांना त्यांच्या घरी पोचवलं. तुला एकदाबी नाय. तू म्हनायचीस ना, ड्रायव्हर चांगला होता. मला झोंबायचं गं. मी डेपोत जाऊन इचारायचो, आज त्या गाडीवर कोन होता."

शाल हलली. तिला राग आलाय असं त्याला वाटलं, आणि राग असणं रास्तच होतं. तोवर चांदीपहून पुढे फोन गेले होते; पारोळ नाक्यावर चार जणांनी हात केले, ओरडले, मागे बोट दाखवलं. जयवंतने मान हलवून हसून त्यांना नकार दिला आणि गाडी पुढे काढली. थोड्या वेळाने बॅगेत मीराचा फोन वाजू लागला.

"उचल की. परेश असंल," जयवंत म्हणाला. फोन वाजून वाजून थांबला. "नको उचलू. पोचतोयच आपन."

उसगावला मीराचा भाऊ परेश रस्त्यावर येऊन उभा होता. मागे त्याची बायको ओवाळणीचं ताट घेऊन, आणि त्यांच्या मागे अर्धं गाव, कारण भाओजी इंग्लंडच्या गाडीतून येणार हे परेशने आठ दिवस सगळ्यांना सांगितलं होतं. गाडी थांबली. जयवंतने मिशीवरून हात फिरवला.

"भाओजी," परेश म्हणाला, "ताई कुठंय?"

"ही काय," असं म्हणून जयवंतने त्या दिवशी पहिल्यांदा डावीकडे मान वळवली.

बॅग होती. शाल घसरली होती आणि दोन करंज्या बाहेर डोकावत होत्या.

परेशने बॅगेकडे पाहिलं, भाओजींकडे पाहिलं. "मंग आज ही मला ओवाळनार काय?"

"देवळापाशी दोन बेल झाल्या," जयवंत एवढंच म्हणू शकला.

"आनि इतक्या वाटेत तुमाला कळलं नाय, शेजारी मानूस नाय ते?"

"मी बोलत होतो ना."

"कोनाशी?"

जयवंतने शाल करंज्यांवर नीट ओढली. तो गाडीतून उतरू लागला, परत फिरायला हवं की इथेच जमिनीत जायला हवं हे त्याला ठरवता येईना, आणि पोट स्टिअरिंगमध्ये अडकलं. इतक्यात रस्त्याच्या वळणावरून एक ओळखीचा उसासा ऐकू आला. वज्रेश्वरीची बस येत होती.

एक घंटी झाली, बस थांबली. आधी कंडक्टर ऋतिका खाली उतरली आणि तिने हात देऊन मीराला उतरवलं. बसच्या प्रत्येक खिडकीत दोन दोन डोकी होती आणि सगळी हसत होती. मीरा हसत नव्हती. हिरवी साडी, पायात चपला, चेहरा शांत. ती सरळ परेशपाशी गेली, वहिनीच्या हातातलं ताट घेतलं, भावाला पाटावर बसवून ओवाळलं. जयवंत मागे उभा राहिला, शाळेत उशिरा आलेल्यासारखा. ओवाळून झाल्यावर तिने पदर झटकला.

"ड्रायव्हर चांगला होता," ती म्हणाली.

जेवणाच्या पंक्तीत जयवंतने करंजी पानातच ठेवली. परेशने सकाळचं सगळं बहिणीच्या कानात सांगितलं. दुपार कलली तेव्हा वाडीतल्या सगळ्यांना वाटलं, बाई परत बसनेच जाणार. वज्रेश्वरीकडून येणाऱ्या बसची वेळही झाली होती. जयवंत गाडीत जाऊन बसला. आधी पाय, मग गुडघे, मग पोट. त्याने इंजिन सुरू केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिला. डावीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. मिटल्याचाही आला.

"माहेरी नेनार होता," मीराचा आवाज आला. "आता निदान सासरी तरी न्या."

जयवंत बेलची वाट बघू लागला.

बेल होईना. बस येऊन गेली. परेश दारात उभा राहून थकला. इंजिन गुरगुरत राहिलं, जयवंतच्या कपाळावर घाम आला, घंटी मीराच्या मांडीवर पडून होती आणि मीरा तिला हात लावत नव्हती.

मग जयवंतच्या काहीतरी लक्षात आलं. बत्तीस वर्षांचा नियम मोडताना मानेला त्रास होतो. त्याने मान हळूहळू डावीकडे वळवली आणि नीट बघितलं. बायको बसली होती. तिच्या केसांत परेशच्या बायकोने माळलेली अबोली होती, आणि ती अबोली त्याने याआधी कधी शेजारून पाहिली नव्हती.

"बसलीस?" त्याने विचारलं.

"बसले," मीरा म्हणाली. "आता बोला. सकाळी बॅगेला जे सांगितलं, ते पयल्यापासून."

आणि तिने घंटी उचलून दोनदा वाजवली.