खांबाला टेकवलेली वीणा

फोनवर अक्का एवढंच म्हणाली, "सप्त्याला ये, बाळू." लगेच आमच्या स्वयंपाकघरातून बायकोचा, मंगलचा आवाज आला, "या खेपेला त्यांना घेऊनच या." मागची खोली रंगवून झाली होती, पलंगही येऊन पडला होता. तेव्हा ही सहल नव्हती, थोरल्या बहिणीला पुण्याला आणायची मोहीम होती. तरी वाटेबद्दल लिहितो, कारण 'बीडकडे बघायला काय आहे' असं विचारणारे मित्र मला पुष्कळ आहेत.

पुण्याहून पहाटे निघालात तर नगरला नाश्ता होतो. पुढे कडा, आष्टी, जामखेड. आष्टी आमचं जन्मगाव. स्टँडजवळ थांबून गरम भजी खाल्ली आणि उगाच दहा जणांना ओळख दिली, दोघांनी परत दिली. रस्ता आता झकास आहे, पण एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंना नुसती उघडी रानं आणि बाभळी, सावली शोधून सापडत नाही. ऊसतोडीवरून परतणारे ट्रॅक्टर मध्येमध्ये लागतात. ट्रॉलीत पत्रे, भांडी, शेळ्या आणि त्या सगळ्यावर झोपलेली माणसं. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड, मग वडवणी, तेलगाव. तेलगावात जेवा. भाकरी, डाळकांदा आणि शेंगदाण्याची चटणी, शंभराच्या आसपास. ठेचा जपून, आपली पुणेरी जीभ त्याला पुरत नाही.

अक्काचं सासर दिंद्रुडच्या पुढचं एक खेडं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तोडणीची माणसं गावात परतली की तिथे अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, रोज एका घराची पंगत. आणि या सगळ्यात एक वीणा. पहिल्या दिवशी ती गळ्यात घेतली की सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. गावातली माणसं आळीपाळीने पहारा देतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, एकमेकांच्या पाया पडून. रात्रीचे पहारे तरुण पोरं घेतात. दुपारचा, उन्हाचा, कुणालाच नको असलेला पहारा अक्काचा.

अक्काबद्दल सांगायला हवं. दाजी गेले. तीन वर्षांपूर्वी एकुलता एक सुधीर तापाचं निमित्त होऊन गेला. सून माहेरी गेली, ती परत आली नाही. आणि ही बाई हसते. मला ते खरं वाटायचं नाही. मला वाटायचं, एकटेपणाला माणूस काहीतरी टेकू लावतं, हा तिचा टेकू. पुण्याला आली की लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला परळीला नेलं, वैजनाथाच्या दर्शनाला. गर्दी टाळायची तर सोमवार सोडून जा, चपला गाडीतच ठेवा. थर्मल वीजकेंद्राच्या राखेने वाटेवरची झाडं करडी झालेली, अक्का खिडकीतून त्यांनाही हात जोडत होती. परतताना मी विषय काढला. डॉक्टर, लिफ्ट, खाली बाग, बागेत तिच्या वयाच्या बायका.

"बरं हाय की," ती म्हणाली. "पर म्या तिथं काय करू?"

"आराम कर. इथे कुणासाठी राहतेस?"

"सुधीर गेला तवा देवावर लई रुसले व्हते, बाळू. देवळाच्या पायरीला पाय लावला न्हाई. मग सप्त्यात एका दुपारी पहाऱ्याला माणूसच न्हवतं. वढून नेलं मला. एका हातात वीणा, एका हातात चिपळी. रडू तर येतंय, पर डोळे पुसाया हात कुठं मोकळा हाय? तसंच वल्या तोंडानं म्हणत ऱ्हायले." ती हसली. "तवापासून रडू येतंया, पर गोड वाटतंया."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तरी मी बोललो. सिरसाळ्याजवळ उसाचा रस प्यायला थांबलो आणि तिथेही बोलतच राहिलो. तिने रस घेतला नाही, पहारा होईपर्यंत तोंडात काही घालत नाही म्हणाली. उशीर होतोय, हे ती दोनदा म्हणाली.

पोचलो तशी ती थेट देवळात गेली. उपाशी पोटी, भर उन्हात, पत्र्याच्या मंडपाखाली. मी खांबाला टेकून बसलो. पंगत उठून गेलेली, एक म्हातारा घोरत होता, बाकी कुणी नाही. अक्का डोळे मिटून नाम घेत होती आणि खरं सांगतो, इतका सुखी चेहरा मी आमच्या सोसायटीत कुणाचा पाहिलेला नाही. मग तो पांढरा पडला.

"धर जरा," म्हणाली, आणि वीणा माझ्या हातात देतादेताच खाली वाकली. ती पडत होती. मला दोन्ही हात हवे होते. मी वीणा खांबाला टेकवली आणि तिला धरलं.

पाणी पाजलं, पदराने वारा घातला. डोळे उघडल्यावर तिने आधी वीणेकडे पाहिलं. उठायला गेली, तोवर तात्या आत आले होते. तात्या म्हणजे सप्त्याचे कर्ते, साधा, सत्तरीचा माणूस. ते वीणेपुढे उभे राहिले.

"कुणी ठिवली?"

मी तोंड उघडणार तोच अक्का म्हणाली, "म्या ठिवली तात्या. चक्कर आली."

तात्या रागावले नाहीत. रागावले असते तर मला बोलणं सोपं गेलं असतं. त्यांनी वीणा उचलून कपाळाला लावली, गळ्यात घातली आणि म्हणाले, "हाक मारायची व्हती, आक्का. उभ्या गावाचा सप्ता हाय." मग म्हणाले, "आता तुमचं वय झालं. फुडच्या सालापासून बसूनच आयका."

अक्काने मान हलवली. मी गप्प राहिलो. मी गावचा मामा, पाहुणा, दुसऱ्याच्या देवळात कशाला बोला, असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. वीणा गेली म्हणजे आता ही पुण्याला येईल, असं मला त्या क्षणी वाटलं. आणि बरं वाटलं.

रात्री कीर्तनाला ती बायकांत मागे बसली होती. टाळ्या वाजवत होती, मोठ्याने म्हणत होती, बुवा विनोद करत तेव्हा सगळ्यांच्या आधी हसत होती. कीर्तन उठल्यावर मी विचारलं, "आता तरी चल?"

"कावून? वीणा गेली म्हणून? तोंड हाय की माझं."

"खोटं कशाला बोललीस?"

"तू पाव्हणा. उद्या जाशील. तुला गावानं नाव ठिवलेलं मला सोसलं नसतं." मग म्हणाली, "जाऊ दे. देवाला ठावं हाय."

काल्याची बुंदी डब्यात घेऊन मी एकटाच परतलो. दारात मंगलने माझ्या मागे पाहिलं, आणि माझ्या हातातला डबा घेतला. खोली तशीच आहे. पाहुणे आले की वापरतो.

अक्काचा दर रविवारी फोन येतो. काकड्याला जाते, खुशीत असते, हे आवाजावरून कळतं. मला आता ते खरं वाटतं, एवढंच काय ते माझ्यात बदललं. बाकी चुटपुट आहे, ती जात नाही. तिला राग नाही म्हणूनच बहुधा जात नाही. तात्यांना फोन करावा म्हणून चारदा नंबर काढला आणि ठेवून दिला. परळीची वाट, तेलगावची चटणी लिहिता लिहिता हेही लिहून होईल, असं वाटलं. त्या गावातलं कुणी हे वाचत असेल तर तात्यांना एवढं वाचून दाखवा: वीणा अक्काने ठेवली नव्हती. मी ठेवली होती.