चाकणचा वेढा आणि महाळुंग्याचं पेव

गुरुवारी जायचं ठरवलं. एमआयडीसीतल्या बहुतेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे चाकणच्या चौकातून गाडी न अडकता पार होण्याची शक्यता आठवड्यातून त्या एकाच दिवशी. माझ्या शाळेलाही नेमकी सुट्टी होती. मंदार, म्हणजे माझा नवरा, चाकणच्या एका कंपनीत मालपुरवठ्याचं नियोजन बघतो. तो सुट्टीच्या दिवशी पुन्हा चाकणला यायला तयार झाला हेच विशेष. सकाळी साडेसहाला चिंचवडमधून निघालो.

निमित्त किल्ल्याचं कमी, खेळाचं जास्त. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे की मी शाळेत इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात संगणकावर युद्धं खेळते. गोळ्या झाडायचे खेळ नव्हेत. अख्खा मुलूख नकाशावर मांडायचा, फौजा हलवायच्या, वेढे घालायचे, तह करायचे आणि मोडायचे, तसले. वीस वर्षं झाली, सवय काही सुटली नाही. या खेळांच्या एका चर्चागटावर गणेशची ओळख झाली. मूळचा परभणीचा, चाकणच्या एका कारखान्यात रोबोटची देखभाल करतो आणि फावल्या वेळात स्वतःचा खेळ बनवतो. विषय, चाकणच्या भुईकोटाचा वेढा. "ताई, एकदा येऊन खेळून बघा. कुठं खोटं वाटलं तर तोंडावर सांगा," असं त्याने लिहिलं होतं. इतिहासातलं खोटं पकडायचं म्हटलं की मला जेवणसुद्धा लागत नाही. लगेच हो म्हटलं.

नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, की चाकण. सुट्टीच्या दिवशी पाऊण तास. एरवी दीड धरा, आणि कंटेनरच्या मागे अडकलात तर पाणी जवळ ठेवा. मोशीच्या पुढे मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव ताजा, दोघांचं मिळून दोनशेच्या आत भागलं.

किल्ला शोधायला मात्र दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा ज्यांना विचारलं ते आजोबा दारात दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "किल्ला? अवो, तुमी किल्ल्यातच उभ्या हायसा की!"

खरंच होतं. चाकणचा किल्ला डोंगरावर नाही, गावात आहे. तटाचे तुकडे, एक-दोन बुरूज, खंदकाची खूण, आणि मधूनच घरं, मोटारसायकली, वाळत घातलेले कपडे. तिकीट नाही. गाडी बाजारातच लावा, पुढे गल्ल्या अरुंद आहेत. ज्यांना भव्य काही बघायचंय त्यांची निराशा होईल. मला मात्र त्या बुरुजापाशी भरून आलं. मूठभर माणसांनी भर पावसाळ्यात प्रचंड मोगल फौज इथे जवळजवळ दोन महिने थोपवली. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला. मी हा धडा शिकवते तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात. मंदारलाही मी सगळं रंगवून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाहेरची एवढी फौज दोन महिने खात काय होती?"

इतकी वर्षं शिकवते, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता.

तिथून तळेगावच्या रस्त्याने महाळुंगे. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मधे अचानक गावची कमान, आत शिरलं की शेणाचा वास आणि चारमजली इमारती शेजारीशेजारी. गणेश तात्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतो. तात्या इथले जुने शेतकरी, सत्तरीच्या पुढचे. आम्हाला बघून म्हणाले, "लांबनं आलासा व्हय? चिंचवडाहून? मग जेवूनच जायचं."

गणेशची खोली म्हणजे एक खाट, दोन मोठे पडदे आणि भिंतीला चिकटवलेले जुने नकाशे. त्याने खेळ सुरू केला आणि मी खुर्चीत पुढे सरकले. जुन्नरपासून पवनेच्या काठापर्यंतचा मुलूख. भामा, इंद्रायणी, पाऊस, चिखल, सगळं हलतं. घोड्याला रोज चारा लागतो, बैल थकतात, पूल वाहून जातो. प्रत्येक गाव आपल्या जागेवर: मोई, निघोजे, खराबवाडी, महाळुंगे, चिंचवड.

"कोणती बाजू, ताई?"

मी वेढा घालणारी बाजू घेतली. किल्ल्याची बाजू वर्गात शिकवतेच की. किल्ला संगणकाकडे. मंदार माझा पुरवठा सांभाळायला बसला आणि दहा मिनिटांत त्याचे डोळे चमकायला लागले. "हे तर आमचंच काम आहे! रोजची गरज काढ, जवळची गावं आधी, लांबची नंतर." गावावर बोट टेकवलं की एक हुकूम येतो: 'चारा-धान्य जमा करा'. आम्ही तो देत गेलो. त्रेचाळिसाव्या दिवशी बुरूज उडाला, किल्ला पडला. इतिहासापेक्षा लवकर! मी आणि मंदारने चक्क टाळी दिली.

गणेश हसला नाही. "आता गावं बघायची का?" म्हणाला.

त्याने चिंचवडवर बोट ठेवलं. यादी उघडली. घरं होती, आणि घरात माणसं. नावं, वयं, नाती. रखमा, वय चाळीस. सतराव्या दिवशी घरातलं धान्य नेलं. एकविसाव्या दिवशी बैल नेला. अठ्ठाविसाव्या दिवशी धाकटी मुलगी गेली. पुढे रखमाच्या नावासमोर काही नाही. खाली दुसरं घर. तिसरं. मी यादी खाली सरकवत राहिले, ती संपेना. हे सगळं मी केलं होतं. मिसळ खाऊन, खुशीत.

"आधीच्या खेळांत गाव म्हणजे नुसता एक आकडा असायचा," गणेश सांगत होता. "एवढी माणसं सांभाळायची मशीनची ताकदच नव्हती. आता हाय. ह्यातला प्रत्येक माणूस रोज उठायलाय, खायलाय, भ्यायलाय. पुढं सगळे खेळ असेच होणार, ताई. आणि हे कुण्या एका फौजेचं नाही, त्या काळी सगळ्याच फौजा असंच जगायच्या."

मंदार खिडकीशी जाऊन उभा राहिला होता.

तेवढ्यात तात्या जेवायला बोलवायला वर आले. पडद्याकडे बघून त्यांनी चष्मा सरळ केला. "आमचं गाव कुठं हाय ह्यात?"

गणेशने दाखवलं. महाळुंग्याच्या जागी करडा ठिपका होता.

"असं का दिसतंय?"

"ओस पडलंय, तात्या. धान्य संपलं."

"संपलं कसं? पेवात व्हतं की."

"पेव?" गणेशने विचारलं.

तात्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं, जणू आम्ही भात कशाला म्हणतात ते विचारलं होतं. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपून घेतलेला, त्यात धान्य, वरून माती. त्यावर गोठा. "माझ्या आज्याच्या घरात व्हतं. फौज येणार म्हनल्यावर मान्सं हातावर हात ठिऊन बसतील व्हय? धान्य पेवात, गुरं भामचंद्राच्या डोंगरात, पोरीबाळी पावण्यांकडं. तुज्या ह्या खेळात गावाला काय करता येतं?"

गणेशने हुकमांची यादी वर-खाली करून पाहिली. मग म्हणाला, "काहीच नाही, तात्या." पडद्याकडेच बघत तो पुढे बोलला. "मी सगळे कागद फौजेचे वाचले. गावाला मी एकपण हुकूम दिला नाही. ती मान्सं नुसती बसून मेली, कारण मी त्यांना दुसरं काही करूच दिलं नाही."

जेवायला मासवडी होती. या भागात आलात आणि कुणी घरी मासवडीला बोलावलं तर आढेवेढे घेऊ नका; तात्यांच्या सुनेच्या हातची मासवडी मी विसरणार नाही. गणेश जेवलाच नाही. आम्ही हात धुऊन वर गेलो तोवर त्याने गावांना पेव दिलं होतं, डोंगर दिला होता. "पुन्हा खेळा," म्हणाला. तात्याही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

या वेळी माझी फौज उपाशी मरायला लागली. गावं रिकामी, कोठारं रिकामी. मंदारचे हिशेब कोलमडले. तात्या खूश होते. "घ्या! शोधा आता!" मी हसत होते, पण आत काहीतरी तापायला लागलं होतं. मला हरायची सवय नाही. तेविसाव्या दिवशी पडद्यावर एक नवा हुकूम आला, याआधी न दिसलेला: 'महाळुंग्याच्या पाटलाला छावणीत आणा. पेवाची जागा काढून घ्या.'

मी दाबला.

चोविसावा दिवस उजाडला. धान्याचा आकडा भरून आला. माझ्या तोंडून "हं!" असा आवाज निघाला, जिंकताना निघतो तसा.

"हा हुकूम तू घातलास?" मंदारने गणेशला विचारलं.

"नाही. मी मशीनला जुने कागद वाचायला दिले. कुठला हुकूम दाखवायचा, ते मशीनच ठरवतं." गणेशचा चेहरा उतरला होता. "पेव आलं, म्हणून हे आलं."

"कसं काढून घेतलं?" तात्यांनी विचारलं.

गणेशने पाटलाच्या नावावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पाटील, वय बासष्ट. तेविसाव्या दिवशी…" तिथेच थांबला. डोळे मात्र पुढे वाचत होते.

"वाच की."

"नको, तात्या."

त्याने पान मिटलं. तात्या माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. खरंच विचारत होते. "बाई, दाबायच्या आदी तुमी वाचलं व्हतं का, काय लिवलंय ते?"

"नाही," मी म्हटलं. "सवयीने दाबलं गेलं."

हे खोटं होतं. मी वाचलं होतं. प्रत्येक शब्द वाचला होता, 'काढून घ्या'सुद्धा. कळलंही होतं.

तात्यांनी मान हलवली. "व्हतं असं," म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगायला जिना उतरून गेले.

परतताना तळवड्याच्या रस्त्याने आलो. गुरुवार असूनही तिथे पाऊण तास अडकलो. तुम्ही आल्या वाटेनेच परत जा. गाडीत मंदार एकदाच बोलला. "ऑफिसात मी रोज असे आकडे भरतो. माल कुठून उचलला जातो, कधी बघितलं नाही." तात्यांशी खोटं बोलले, हे त्याला घरी आल्यावर सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तू वाचताना ओठ हलवतेस."

आठवडा झाला. वर्गात वेढ्याचा धडा आला तेव्हा मी मुलांना मंदारचा प्रश्न विचारला: बाहेरची फौज खात काय होती? एक मुलगी म्हणाली, "बाई, आपलंच." मी हातातलं पुस्तक मिटलं.

किल्ला बघायला नक्की जा. अर्धा दिवस पुरतो. गणेशचा खेळ मात्र अजून बाहेर आलेला नाही, आणि त्याला कारण मीही आहे. काल त्याचा निरोप आला: "ताई, तो हुकूम ठेवू का काढू? काढला तर इतिहास खोटा होतो. ठेवला तर लोक दाबणार."

दिवसभर विचार करून मी लिहिलं, "ठेव. पण दाबल्यावर लगेच दुसरा दिवस उजाडू देऊ नकोस."

मिनिटभरात त्याचं उत्तर आलं: "किती वेळ थांबवू?"

ते मला अजून सांगता आलेलं नाही.