सुपातली निवड

वडील कापूस घेऊन परतूरच्या बाजाराला गेले की घरी काही ना काही आणत. एकदा त्यांनी माझ्यासाठी गोष्टीचं पुस्तक आणलं. वाण्यानं पुड्या बांधायला ठेवलेल्या रद्दीतलं होतं ते. शेवटची पानं अगोदरच पुड्यांत गेलेली. माझी चौथी नुकतीच झाली होती आणि शाळा तिथंच थांबली होती. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे, पण दुपारी आई जोंधळे निवडायला बसली की मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायची.

गोष्ट सोळा वर्षांच्या एका मुलाची होती. सगळं जग राक्षसाच्या तावडीत सापडलेलं. एक म्हातारा साधू मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, जग वाचवायला तुझी निवड झाली आहे. मुलगा म्हणतो, ‘मी जातो,’ आणि निघतो.

आईचा हात सुपात थांबला. निवड झाली म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, हजारांतून त्याला एकट्याला वेचून काढला.

“आपण सुपातून वेचून काढतो ते खडे,” ती म्हणाली. “दाणे तर सुपातच राहतेत. मंग ह्यो खडा हाय का दाणा?”

मला हसू आलं. तिला अक्षरओळख नव्हती म्हणून ती असं बोलते, असं वाटलं. मी दाणा म्हणून सांगितलं. मग तिनं विचारलं, त्याच्या आईला कुणी विचारलं का? मी पानं चाळून बघितली. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

ते पुस्तक मी तीन वर्षं पुन्हा पुन्हा वाचलं.

थोरल्या बहिणीला जालन्यात दिलं होतं. जुन्या जालन्यात भाऊजींचं कापडाचं दुकान होतं. मुलगा झाला आणि बाराव्या दिवशी ती तापानं गेली. पोर चार महिन्यांचं झालं तेव्हा भाऊजींची आई आमच्याकडे आली. पोर शेळीच्या दुधावर आहे, अंग धरत नाही, म्हणाली. परकी बाई आणली तर ती सावत्र होईल, मावशी कधी सावत्र होत नाही. एवढं बोलून तिनं आम्हा दोघी बहिणींकडे बघितलं. मी पंधरा वर्षांची, धाकटी अकराची. दोन दिवसांत कळवतो, असं वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई सूप घेऊन बसली. वाच म्हणाली नाही. खाली बघतच बोलली.

“तुह्या बापानं मला विचारायला लावलंय. तू न्हाई म्हणलीस तर धाकटीला देतेल. तिला अजून तिची येणी घालता येत न्हाई.”

मला नाही म्हणायचं होतं. भाऊजी आले की मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. ते काळे की गोरे हेही मी नीट बघितलं नव्हतं. बहिणीचा संसार होता तो, तिच्याच भांड्यांत रांधायचं होतं. आणि अंगणात धाकटी चिंचोके खेळत होती. चिंचोके उडवायचे, झेलायचे. एकही खाली पडू देत नव्हती.

“मी जाते,” मी म्हणाले.

हे शब्द पुस्तकातले आहेत, ते मला जालन्याला जाताना रेल्वेत बसल्यावर कळलं. पुस्तकात त्या शब्दांनंतर शंख वाजतात, आकाशातून फुलं पडतात. आमच्याकडे आईनं सुपातला एक खडा चिमटीत धरून अंगणात टाकला, आणि तो पडला त्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

भाऊजी वाईट निघाले नाहीत. कमी बोलतात, वेळेवर जेवतात. पोरही जगलं. पण पुस्तकातला मुलगा जग एकदाच वाचवतो. मला ते रोज करावं लागलं. गोवर आला, डांग्या खोकला आला, दात आले. मधे मला दोन मुली झाल्या. किती वर्षांत सलग झोपले नाही, ते आता आठवतही नाही. कुणी विचारलं तर सगळं बराबर आहे म्हणते, आणि ते खोटंही नाही. फक्त हात जड झालेत.

पोर आता आठ वर्षांचं आहे. मला मावशीच म्हणतं. मीही बदलायला लावलं नाही. इथं सरकारी भाषा उर्दू, शाळेतही त्याला तीच जास्त, म्हणून मराठी अक्षरं मी घरी शिकवली, त्याच पुस्तकावरून. परवा मी डाळ निवडत होते आणि तो समोर बसून वाचत होता. साधूनं हात ठेवला, मुलगा निघाला, राक्षसाच्या दाराशी पोहोचला. तिथं पानं संपली.

“मावशी, पुढं काय झालं?”

मी म्हणाले, राक्षस मेला. मग त्या मुलाला फार झोप आली. तो घरी गेला, आईनं त्याला वाढलं, आणि तू कुठं गेल्तास असं एकदाही न विचारता अंथरूण घालून दिलं.

त्याला ते पटलं नाही. “असं नसतं,” म्हणाला. “त्याला राजा करतेत.”

“करत असतील,” मी म्हणाले, आणि सूप त्याच्याकडे सरकवलं. “बघ बरं, काही राह्यलंय का. झोपेनं डोळे मिटतेत, मला आता दिसत न्हाई.”

तो वाकून बघू लागला. एक खडा सापडला. तो त्यानं फेकला नाही. तळहातावर घेऊन मला दाखवत राहिला.