हातोडा शॉप पेटी आणायला निघतं

आमच्या क्वार्टरांत किस्से साचून राहतात, याचं कारण साधं आहे. ज्यांच्यावर ते असतात त्यांना ते ऐकू येत नाहीत. माणसाच्या पुढ्यात बसून त्याच्याचबद्दल हवं ते बोला, फक्त तोंडावर हात ठेवा. तो मान हलवतो आणि सुपारी पुढे करतो. मग किस्सा जिरायचा कुठे? साचतो.

आमचे सगळे बाप फॅक्टरीत, आणि फॅक्टरीतही हातोडा शॉपला. लालभडक लोखंडाच्या गोळ्यावर खोलीएवढा हातोडा पडतो, उचलतो, पुन्हा पडतो. त्यात लढाईचं वर्ष. तिन्ही शिफ्टा चालू, ओव्हरटाइम मागाल तितका. काचांना काळा कागद आणि घरात पहिल्यांदाच दोन वेळा दूध. पंधरा-पंधरा वर्षं त्या आवाजात उभे राहून हे लोक ठार बहिरे झाले होते, आणि एकालाही ते कबूल नव्हतं. मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो होतो. त्यामुळे या सगळ्यांच्या मते क्वार्टरातला एकमेव बिघडलेला माणूस मी.

*

भजनी मंडळाची मीटिंग. मिलिटरी हॉस्पिटलात जखमी जवानांपुढे भजनं करायची ठरली होती आणि जुनी पेटी उंदरांनी कुरतडलेली. अध्यक्ष नाना, म्हणजे शॉपचे फोरमन, उठले आणि म्हणाले, नवी पेटी घ्यावी. सगळ्यांनी हात वर केले. मग मोघेकाका उठले, ते शॉपमधला माल तपासणारे इन्स्पेक्टर. म्हणाले, पेटी नको, तिची दुरुस्ती करावी. सगळ्यांनी हात वर केले. मग मी मागून, तोंडावर रुमाल धरून म्हणालो, मंडळच बंद करावं. समोरच्याने मान वळवून मला बघितलं, हात वर केला. त्याचं बघून सगळ्यांनी केले.

शेवटी बायकांनी ठरवलं. पेटी, तबला, जवानांसाठी मिठाई, एका सुट्टीच्या दिवशी जाऊन सगळं आणा. मोघेकाकू म्हणाली, "आणि विजूला संगं न्या. दुकानदार काय बोलून राहिला ते कोणाला तरी कळलं पाहिजे ना." विजू म्हणजे मी.

*

नाना आमच्या ब्लॉकचे वॉर्डनही होते. दंडाला लाल पट्टी, गळ्यात शिट्टी. एकदा भर दुपारी हवाई हल्ल्याची प्रॅक्टिस होती. भोंगा वाजला, बायका-पोरं खंदकात उतरली. नाना चौकात घड्याळ धरून उभे. भोंगा वाजतोच आहे आणि नाना घड्याळ बघताहेत. पाच मिनिटांनी नानीने खंदकातून डोकं काढून विचारलं, "अहो, तुम्ही काहून उभे?"

नानांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि वैतागून म्हणाले, "भोंग्याची वाट बघून राहिलो. सरकारी कामच असं. आज लेट आहे."

*

लोक विचारतात, मग मेडिकलमध्ये हे पकडले कसे जात नव्हते? फॅक्टरीची कानाची तपासणी अशी, की डॉक्टर पाठीमागे उभा राहून हळूच एक शब्द बोलतो, माणसाने तो पुन्हा म्हणायचा. चुकला तर त्याला शॉपमधून काढून आवारात झाडू मारायला पाठवतात. ओव्हरटाइम बंद.

पण रांगेतला पुढचा माणूस समोरच उभा असतो, त्याला डॉक्टरचे ओठ दिसतात. डॉक्टर "पानी" म्हणाला की तो नुसते ओठ हलवून "पानी" म्हणतो. हातोड्याच्या आवाजात पंधरा वर्षं हे लोक ओठांवरूनच बोलत आले होते. त्यामुळे सगळे पास, दर वर्षी. डॉक्टरने एकदा शेरा मारला, या शॉपचे कान फॅक्टरीत सगळ्यांत चांगले आहेत. नानांनी त्या कागदाला फ्रेम केली. आमच्या या थोर माणसांचं सगळं कर्तृत्व हे असं. एकमेकांना बुडताना धरायचं, पण धरून पाण्यातच ठेवायचं.

*

तर सुट्टीच्या दिवशी टांगा केला. नाना, मोघेकाका, त्यांचा मुलगा बंड्या, माझे बाबा आणि मी.

बाबा मंडळाचे पेटीवाले. फॅक्टरीत लागायच्या आधी नागपुरात पेटी शिकले होते, म्हणे फार गोड वाजवायचे. मी ऐकलं ते फक्त बोटांच्या सवयीने वाजवलेलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात त्या दिवशी एक फॉर्म होता. हातोडा शॉपला शिकाऊ उमेदवार म्हणून माझ्या भरतीचा. नानांची शिफारस झालेली, बाबांची सही झालेली, माझी बाकी. लढाईमुळे भरतीची खिडकी सुट्टीच्या दिवशीही पाचपर्यंत उघडी होती आणि तो शेवटचा दिवस होता.

फुहाऱ्याच्या चौकातल्या बाजाच्या दुकानात बाबांनी मला न विचारता काचेतला माउथ ऑर्गन काढायला लावला. सहा महिने मी तो मागत होतो आणि सहा महिने "आधी कामाला लाग" हे उत्तर होतं.

"घे," बाबा म्हणाले. मग फॉर्म काउंटरवर ठेवला. "आणि इथे सही कर."

मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून म्हणालो, "एका बाजासाठी विकत घेऊन राहिले का मला?"

"घरात किती दिवस बसशील? सरकारी नोकरी आहे. कान तर सगळ्यांचेच जातात वयानुसार."

बाबा पंचेचाळीसचे होते.

मी सही केली. दुकानदाराच्याच पेनाने. बाजा हातात होता म्हणून केली, दुसरं काही कारण सांगणार नाही.

*

त्याच दुकानात तबला घ्यायचा होता बंड्यासाठी. बंड्या माझ्याच वयाचा. मॅट्रिकला असताना तो तबला असा लावायचा की शेजारची म्हातारी खिडकीशी येऊन बसायची. यंदाच्या उन्हाळ्यात बापाने त्याला हातोडा शॉपला चिकटवला. आता सहा महिने झाले होते.

मोघेकाकांनी आधी खिशातून माप काढलं. जोडीचा घेर चारही बाजूंनी मोजला, तबला उलटा करून खालून बघितला, डग्ग्यावर नख मारलं. "माल बरोबर आहे," म्हणाले. "लाव रे."

बंड्याने छोटी हातोडी घेतली, कडेवर ठोकली, बोट मारलं, कान खाली नेला. पुन्हा ठोकली. तबला चढत चढत कुठल्या कुठे गेला होता. दुकानदार "बस, बस" म्हणत होता. बंड्या थांबला आणि त्याने बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं, लागला की नाही ते समजायला. मोघेकाका त्याच वेळी बंड्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याच कारणासाठी.

दोघांनी एकदमच मान डोलावली. दुकानदाराने निमूटपणे तबला बांधून दिला.

बाहेर आल्यावर मी बंड्याला विचारलं, "काय रे, चढला ना तो?"

"काय?" बंड्या म्हणाला.

मी पुन्हा विचारलं.

"काय?"

*

नानांना लढाईच्या बातम्यांसाठी ट्रान्झिस्टर हवा होता. रेडिओवाल्याने एक लावला. नानांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. रस्त्यावरचं गाढव दोरी तोडून पळालं, समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. नाना म्हणाले, "भैया, दुसरा दिखाओ. इसमें दम नहीं है."

पाच ट्रान्झिस्टर झाले. पाचव्यावर बातम्या चालू होत्या, आपले किती गेले, कुठलं ठाणं घेतलं. अख्खा बाजार गोळा होऊन ऐकत होता, एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. नाना त्या गर्दीकडे बघून मला म्हणाले, "हाच घेऊ. लोकांना आवडून राहिला."

मी म्हणालो, "नाना, ती रडते आहे."

"गाणं असेल चांगलं," नाना म्हणाले.

*

मग खोव्याची जलेबी. जवानांसाठी चार टोपल्या आणि आमच्यासाठी एक पुडा. काळी, जाड, तुपाने निथळणारी. हे एक काम त्या चौघांनी बिनचूक केलं. खाताना त्यांना काही ऐकू यावं लागत नव्हतं, त्यामुळे दिवसभरात पहिल्यांदा ते सुखी दिसले. बाबांनी आपल्यातली अर्धी माझ्या हातावर ठेवली. मला घ्यायची नव्हती. पण जलेबी फार चांगली होती. माझा राग हा असा होता.

*

पेटी होती गोहलपुरात, रहमतमियाँच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक खोली, लाकडाचा भुसा आणि भिंतीला टांगलेले भाते. रहमतमियाँनी पेटी पुढे ठेवली. मोघेकाकांनी फळीला फळी काटकोनात आहे का ते बघितलं. नानांनी भात्यापुढे हात धरून वारा कुठे गळतो का ते तपासलं. मग बाबा बसले. बोटं सरसर वरून खाली आली, खालून वर गेली. एक काळी पट्टी दाबली की असा सूर निघत होता, जसा दाराच्या गंजक्या बिजागरीचा. बाबांनी तीनदा त्याच्यावरून बोटं नेली आणि म्हणाले, "गोड आहे."

"वा," नाना म्हणाले. "बांधा."

रहमतमियाँ खाली वाकून दोरा शोधत होते, तसेच वाकून म्हणाले, "बाबूजी, एक सुर अभी कच्चा है. घंटाभर दीजिए."

नाना पैसे मोजायला लागले. रहमतमियाँनी वर बघितलं. चौघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गप्प होतो. मुद्दाम. मला वाटत होतं, जाऊ दे ही पेटी तशीच हॉस्पिटलात, वाजू दे भर सभेत, एकदा तरी कळू दे जगाला. बंड्याही त्यांच्याकडे बघून हसत उभा होता. बाविसाव्या वर्षी.

रहमतमियाँनी मला विचारलं, "हथौड़े वाले हैं?"

मी हो म्हणालो.

"मेरा भाई भी वहीं था."

ते उठले. बाकावरून स्क्रू फिरवायचा लांब पेचकस घेतला, त्याचं टोक पेटीच्या लाकडावर टेकवलं आणि मूठ बाबांच्या कानामागच्या हाडावर ठेवली. शॉपमध्ये मशीनचं बेअरिंग असंच ऐकतात, लोखंडातून थेट हाडात. बाबांनी हजार बेअरिंगं ऐकली असतील. पेटी अशी ऐकता येते हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मोघेकाका हसायला लागले. "अरे, हे पेटीचं बेअरिंग तपासून राहिले."

बाबांनी एका हाताने भाता मारला, एका बोटाने सा दाबला. आणि हात काढलाच नाही. मग रे. मग ग. एकेक करत त्या काळ्या पट्टीवर आले, थांबले. पुन्हा दाबली.

"हा खोटा आहे," ते म्हणाले.

"जी," रहमतमियाँ म्हणाले, "वही तो कह रहा था."

त्यांनी पेटी उघडली, आतली पितळेची पट्टी घासली, बंद केली. नाना घड्याळ दाखवत होते. बाबांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "तू वाजव."

मला फारसं येत नव्हतं. येतं ते वाजवलं. बाबा पेचकस धरून, डोळे मिटून, मान तिरपी करून बसले. पुड्यात उरलेल्या जलेबीवरचं तूप थिजून पांढरं झालं तरी ते उठले नाहीत. मग डोळे उघडले.

"तुला हे असंच ऐकू येतं? काही न लावता?"

"हो."

"नेहमी?"

"नेहमी."

बाबांनी पेचकस रहमतमियाँना दिला, दोन्ही हातांनी, आणि टांग्यात जाऊन पुढे टांगेवाल्याच्या शेजारी बसले.

*

परत निघालो. मांडीवर पेटी घेऊन मी मागे, नानांच्या शेजारी. फॅक्टरीच्या भिंतीला लागलो तेव्हा हातोड्याचा धक्का टांग्याच्या फळीतून पायात यायला लागला. भरतीच्या खिडकीशी दहा-बारा पोरं उभी होती. पाचाला अजून थोडा वेळ होता.

"थांबवा," नाना मागून ओरडले. "अहो, विजूचा फॉर्म. थांबवा."

बाबा समोर बघत होते. फॉर्म त्यांच्याच खिशात होता.

नाना आणखी जोराने ओरडले. मोघेकाकांनी काहीच न कळून मान हलवली. टांगेवाल्याने लगाम खेचला, बाबांकडे तोंड वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "बाबूजी, पीछे वाले साहब रोकने को बोल रहे हैं."

बाबांनी त्याच्या ओठांकडे शेवटपर्यंत नीट बघितलं.

"मुझे कुछ सुनाई नहीं देता," ते म्हणाले. "चलो भैया."