विहिरीतले मासे

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हा व्हाइटफील्डकडे कंपन्या नुकत्या कुठे येऊ लागल्या होत्या. सासर जयनगरातलं, पिढ्यान् पिढ्या इथंच राहिलेलं. मागच्या अंगणात पिण्याच्या पाण्याची विहीर होती आणि तिच्यात चक्क मासे होते. बोटाएवढे, रुपेरी, डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारीच आली.

सासूबाई रोज पहिली बादली ओढण्याआधी चिमूटभर चुरमुरे टाकायच्या. मासे घोळक्यानं वर यायचे. ते राहायचेच वरच्या पाण्यात, पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या खाऊन. पावसाळ्याच्या तोंडावर माद्या पोटात अंडी धरून जडावायच्या. मासे दिसले की सासूबाई म्हणायच्या, ‘‘सरी, भरा पाणी.’’ सरी म्हणजे कानडीत ‘ठीक’. मासे धड, तर पाणी धड, असा त्यांचा हिशेब.

नणंद पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. ज्या पाण्यात मासे घाण करतात तेच पाणी या पोरीला? मला राहवेना. एका संध्याकाळी ब्लीचिंग पावडरचं अख्खं पाकीट मी विहिरीत रिकामं केलं. कुणाला विचारलं नाही. शहाणपण माझ्या अंगात जरा जास्तच होतं.

सकाळी सासूबाई बाळाला न्हाऊ घालत होत्या म्हणून विहिरीत न डोकावताच पाणी मी ओढलं, उकळलं. नणंदेनं बाळाला त्यातलं तीन चमचे पाणी पाजलं. मग सासूबाई चुरमुरे घेऊन विहिरीवर गेल्या. मासे वर आले होते, पण पोटं आभाळाकडे करून.

‘‘कुणी तरी विष कालवलंय पाण्यात,’’ त्या म्हणाल्या आणि नेमकी त्याच वेळी बाळाला उलटी झाली.

बाळाला घेऊन आम्ही दवाखान्याकडे निघालो. रिक्षात नणंद रडत होती, सासूबाई बाळाचे तळपाय चोळत होत्या आणि मी दुपट्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या सिग्नलला सांगू, असं ठरवत तीन सिग्नल गेले. मला बाळाची भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त स्वतःची वाटत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘‘कसलं विष?’’ कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी नर्सला बाळाच्या पोटात घालायची नळी आणायला सांगितलं. नर्सनं ती इवलीशी मान धरली, तेव्हा माझा आवाज फुटला. ‘‘ब्लीचिंग पावडर. एक पाकीट. मी टाकली.’’

नळी बाजूला ठेवली गेली. एवढ्या मोठ्या विहिरीतलं, तेही उकळलेलं तीन चमचे पाणी. घाबरण्यासारखं काही नाही, उलटी दुधाची असेल, असं सांगून डॉक्टरांनी तासभर बसवून घेतलं. बाळ त्यांच्या स्टेथोस्कोपशी खेळू लागलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मासे गाळून काढले आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली मला खड्डा करायला सांगितला. खणता खणता मी म्हटलं, ‘‘आई, मला माफ करा. मासे मरतील हे मला माहीत नव्हतं.’’

‘‘माशांचं जाऊ दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती मुकी जनावरं, मरून का होईना, सांगून गेली. तुला तर तोंड होतं.’’